फ्लश इंडिकेटर लावून मी शेतात जाऊन पडलो, म्हणून लिहितोय

कृष्णाकाठ
परवा इथे एकाने लिहिलं, "कंपनीचे इंडिकेटर म्हणजे मोटरसायकलला फुटलेली शिंगं. काढून टाका, फेअरिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या प्लॅस्टिकच्या आवरणात, सपाट बसणारे फ्लश लावा, गाडी देखणी होते." खाली सगळ्यांनी वाहवा केली. मला राहवलं नाही.

मी हे करून बसलोय. कराड-तासगाव रस्ता, संध्याकाळचे पाच, उजवीकडे फाट्याला वळायचं होतं. इंडिकेटर केव्हाचा चालू, मीटरमधला हिरवा बाण समोर लुकलुकतोय, म्हणून हात दाखवला नाही. मागून पिकअप ओव्हरटेकला आली आणि तिचा आरसा कोपराला लागला. गाडीसकट मी शेतात. ड्रायव्हर थांबला, पाणी पाजलं. "दादा, आईशपथ, सिग्नल दिसलाच नाही," म्हणाला. मी त्याला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला भावाला गाडीवर बसवून सिग्नल चालू करायला लावला आणि तीस पावलं मागे गेलो. बाजूने बघितलं तर लख्ख. बरोबर मागे उभा राहिलो तर प्लॅस्टिकच्या कडेवर नुसती पिवळी झाक. साधं कारण आहे. फेअरिंगचं तोंड बाजूला, मग तिच्यात बसवलेल्या दिव्याचंही तोंड बाजूलाच. देठावरचा दिवा मागे बघतो आणि बाहेर असल्यामुळे कडेनेही दिसतो. युरोपच्या नियमात मोटरसायकलच्या मागच्या दोन इंडिकेटरमध्ये किमान 180 मिलिमीटर आणि पुढच्या दोघांत 240 मिलिमीटर अंतर लागतं. डावा लागलाय की उजवा, हे लांबून कळायचं तर तेवढं अंतर हवंच. त्या ड्रायव्हरची माफी मागायची राहून गेली, ते अजून टोचतं.

डावी लेन
तुमचं कोपर बरं झालं असेल अशी आशा आहे, पण एका अपघातावरून सगळ्यांना शहाणपण शिकवू नका. मी पुण्यात राहतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीला गाडी चिकटून असते. कंपनीचा देठ दोन वर्षांत तीनदा तुटला. तिसऱ्यांदा तर महिनाभर तो वायरीला लोंबत होता, दिवा जमिनीकडे बघत होता. तेव्हा मागच्याला काय दिसत होतं? फ्लश लावल्यापासून एकदाही तुटलेला नाही. आणि आता कुणीतरी गाडीतल्या फेरफाराबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल घेऊन येईलच. ते कलम आरसीवरच्या तपशिलांबद्दल आहे. माझ्या आरसीवर इंडिकेटरचा उल्लेख नाही.

कृष्णाकाठ
आरसीवर ब्रेकच्या पॅडचाही उल्लेख नाही. म्हणून लाकडाचे लावाल का?

दोन पिना
भांडा सावकाश, आधी वायरिंगचं ऐका. आठवड्याला अशा दोन गाड्या माझ्याकडे येतात. जुन्या गाडीत एका बाजूचे दोन बल्ब 10-10 वॅटचे, आणि दिवा मिचकवणारा रिले त्या भारावर चालणारा. एलईडी जेमतेम वॅट-दोन वॅटचा. रिलेला वाटतं बल्ब उडाला, मग फडफड सुरू होते, नाहीतर दिवा सरळ पेटून राहतो. मिनिटाला 60 ते 120 वेळा मिचकावला तरच तो सिग्नल. लोक भार वाढवायला रेझिस्टर लावतात, तो तापतो आणि शेजारची वायर वितळते. सरळ एलईडीचा रिले घाला. मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच दिवा असेल तर डावं बटण दाबल्यावर चारही मिचकतात, तिथे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड लागतात. आणि एप्रिल 2017 पासूनच्या नव्या गाड्यांचा हेडलाइट दिवसाही चालूच असतो. त्याच्या शेजारी चिकटलेला काळ्या काचेचा फ्लश समोरच्याला दिसत नाही. हे मी गिऱ्हाइकालाही सांगतो. ऐकत कुणी नाही.

फाट्यावरची
इंडिकेटरवर एवढा कीस पाडताय, त्याच तासगाव रस्त्यावर गळीत हंगामात रात्री गाडी चालवून बघा. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस मागे दोन हात बाहेर, एक लाल दिवा नाही. रिफ्लेक्टर असलाच तर पाचटाखाली. माझा मामेभाऊ अशाच उभ्या ट्रॉलीवर गेला. वाचला, पण एक डोळा गेला. त्याच्या गाडीचे इंडिकेटर कंपनीचेच होते हो.

सरी वरंबा
ताई, वाईट वाटलं. पण ट्रॅक्टरवाला मुद्दाम दिवा लावत नाही असं नाही. फडातून भरलेली ट्रॉली ओढताना मागची वायर तुटते, जवळजवळ प्रत्येक खेपेला. पैसे टनावर. कारखान्याच्या रांगेत रात्र काढून परत फडात जायचं, त्यात वायर जोडायला वेळ कुणाला? मी आठ हंगाम केलेत.

फाट्यावरची
वायर जोडायला वेळ नाही आणि टेप लावायला आहे? दोन शेतं पलीकडून गाणी ऐकू येतात. टेपची वायर बरी तुटत नाही!

सरी वरंबा
टेप ट्रॅक्टरवर असतो, ट्रॉलीवर नाही. झोप लागू नये म्हणून लावतात. तीन रात्री जागून बघा, मग बोला.

फाट्यावरची
तीन रात्री जागलेल्याने रस्त्यावर यावंच का? मी मामेभावाच्या उशाशी किती रात्री जागले, ते विचारा की.

दोन पिना
दोघेही दमानं घ्या. वायरच नको. चार्जिंगचा लाल दिवा मिळतो, चुंबकाने चिकटतो. उसाच्या मागच्या मोळीला बांधायचा, खेप संपली की काढायचा.

सरी वरंबा
मोळीला बांधला तर उसाबरोबर कारखान्याच्या गव्हाणीत जाईल. ट्रॉलीच्या आडव्या पट्टीला लावला तर टिकेल, पण वर ऊस लोंबतो, त्याने झाकतो. तरी बघतो. ताई, रिफ्लेक्टरवरचं पाचट काढायला दोन मिनिटं लागतात, ते होत नाही ही चूक आमची. तेवढं कबूल.

डावी लेन
उसातून बाहेर या. काल साडेपाचला पार्किंगबाहेर गाडी लावली, बायकोला बटण दाबायला सांगितलं आणि तीस पावलं मोजली. पुढचे दिसले, पण हेडलाइटमुळे नीट बघावं लागलं. मागचे दिसले नाहीत. वीस पावलांवरही उजवा लागलाय की डावा, सांगता आलं नाही. मागचे जुने देठ माळ्यावर आहेत, रविवारी बसवतोय. पुढचे राहतील, कारण तिथे पॅनेल कापलंय आणि नव्याचा खर्च परवडत नाही. दिसायला ती शिंगंच आहेत, हे मत काही बदललेलं नाही.

कृष्णाकाठ
रबरी देठ घ्या, वाकतो पण तुटत नाही. आणि पुढचे तसेच ठेवणार असाल तर वळताना हात दाखवत जा.

फाट्यावरची
सरी वरंबा, दिवा लावलात की मागून लांबून एक फोटो टाका. मामेभावाला दाखवायचाय.