येळवसीला गावी पोचता येईल तोच देश धरावा

मांजराकाठ

घरात दोन महिने हेच चाललंय, म्हणून शेवटी इथं टाकतोय. धाकटा भाऊ २७ वर्षांचा. आधी मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग डिग्री, आणि पाच वर्षं वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला. वडिलांची रेणापूर तालुक्यात साडेपाच एकर आहे, सोयाबीन आणि हरभरा. मी लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो.

धाकट्यापुढं दोन वाटा आहेत. एक अबुधाबीची नोकरी: तीन वर्षांचं कंत्राट, सगळं धरून महिन्याला ७,५०० दिऱ्हम, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास. दुसरी जर्मनी. तिथं जून २०२४ पासून ते चान्सनकार्ट निघालंय. गुण भरले की वर्षभर तिथं राहून नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला वीस तास काम करायची मुभा. त्यासाठी खात्यात वर्षभराच्या खर्चाचे बारा-तेरा लाख अडकवून दाखवायचे. भावाची जर्मन भाषेची ए२ पातळी झालीय, पुढची बी१ चालू आहे.

माझं मत अबुधाबी. कारणं सांगतो.

इन्कम टॅक्स नाही. हैदराबादहून चार तासांत विमान पोचतं, आणि लातूरहून हैदराबाद एका रात्रीची गाडी. येळवसीला, म्हणजे आमच्याकडं शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येला, तो शेतात, कडब्याच्या कोपीपुढं आंबील प्यायला हजर राहू शकतो.

पण माझं खरं कारण वेगळंच आहे. आखाती देश तुम्हाला कधीच पक्कं करून घेत नाहीत. काम संपलं की परत. लोक याला दोष म्हणतात, मला तो गुण वाटतो. माणूस पहिल्या दिवसापासून परतीचा हिशोब धरून राहतो. जर्मनी-कॅनडाला गेलेला आधी "दोन वर्षं बघतो" म्हणतो, मग घर घेतो, मग लेकरं तिथल्या शाळेत जातात, आणि एक दिवस पासपोर्ट बदलतो. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही. पासपोर्ट गेला की शेतजमीन घेता येत नाही, मतदान नाही. साडेपाच एकर मग कुणी बघायची?

म्हणून माझं म्हणणं, देश पगारावरून निवडू नका, येळवसीला पोचता येतं का त्यावरून निवडा. ज्यांना पटत नाही त्यांनी मोकळेपणानं भांडा.

खवचट_नांदेडकर

आंबील प्यायला सुटी मिळते का, एवढ्यावर व्हिसा. आमच्या खात्याला हे कळलं तर अवघड आहे.

बी२_झाली_एकदाची

मांजराकाठ दादा, मी मूळची अंबाजोगाईची. स्टुटगार्टजवळ एका दवाखान्यात नर्स आहे, चौथं वर्ष. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट साफ चुकलीय, ती आधी.

शेतजमीन विकत घ्यायची बंदी परदेशी नागरिक झालेल्यांपुरती नाही. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानं ती एनआरआयलाही आहे, म्हणजे भारतीय पासपोर्ट खिशात ठेवून अबुधाबीत नोकरी करणाऱ्या तुमच्या भावालाही. आणि वारसानं मिळणारी जमीन दोघांनाही ठेवता येते, एनआरआयला आणि ओसीआय कार्डवाल्यालाही (पासपोर्ट बदललेल्या मूळच्या भारतीयाला मिळतं ते कार्ड). फक्त विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागते. म्हणजे साडेपाच एकरांच्या बाबतीत अबुधाबी आणि जर्मनी एकाच पारड्यात.

दुसरं, पक्का रहिवास वेगळा आणि नागरिकत्व वेगळं. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याला (म्हणजे पदवीधरांच्या नोकरीच्या परवान्यावर आलेल्याला) बी१ भाषा असली तर २१ महिन्यांत पक्का रहिवास मिळतो. नागरिकत्वाचा अर्ज पाच वर्षांनी करता येतो, करायलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. २०२४ पासून जर्मनी जुना पासपोर्ट सोडा असंही म्हणत नाही, ती अट आपल्या देशाची आहे. माझ्या ओळखीत वीस वर्षं राहून भारतीय पासपोर्टवरच असलेली माणसं आहेत.

आता तुमच्या "गुणा"बद्दल. आखातात तुमचा राहायचा हक्क नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की काही महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. १९९० साली कुवेतवर हल्ला झाला, तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानानं आणावं लागलं. त्यांतले कित्येक वर्षानुवर्षं तिथं राहिलेले होते. परतीचा हिशोब त्यांनीही धरला असेलच की.

इथं मी गेल्या वर्षी पाठीनं दोन महिने आडवी होते. पहिले सहा आठवडे दवाखान्यानं पूर्ण पगार दिला, पुढचे विम्यानं. विम्याचं प्रमाण ठोक पगाराच्या सत्तर टक्के असतं. पगारातून एकट्या माणसाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापला जातो, तेव्हा मीही पहिल्या पगाराची चिठ्ठी बघून रडलेय. पण आडवी झाले तेव्हा तो पैसा कुठं जातो ते दिसलं.

आणि एक, जे तुमच्या यादीत येणारच नाही. रात्री दहाला ड्युटी सुटली की मी सायकलवर घरी येते, एकटी. माझ्यासाठी देश निवडायचं पहिलं कारण हेच होतं. पुरुषांच्या याद्यांत हे नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

फुकटात काहीच नाही, हेही सांगते. मान्यतेचे कागद येईपर्यंत वर्षभर मी हेल्पर म्हणून काम केलं, भारतात नऊ वर्षं नर्स असून. पहिल्या नोव्हेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडला, तेव्हा मोबाइलवर नुसतं परळी रस्त्यावरचं ऊन बघत बसले होते.

दम्माम_१४_वर्षं

ताईचं बरोबर आहे आणि दादाचंबी थोडं बरोबर आहे. मी परभणी जिल्ह्यातला. १४ वर्षं सौदीत, पाइपफिटर. आता गावी आहे, दुकान आहे. मी सांगायलो ते अनुभवाचं सांगायलो.

आमच्याकडं देश निवडत नाहीत, देश एजंट निवडतो. कतार म्हणून निघालेला माणूस दम्मामला उतरतो. एजंटानं माझ्याकडून ९० हजार घेतले होते, ते व्याजानं काढले. पहिली दोन वर्षं तेच फेडलं. बीडकडचे ऊसतोडवाले मुकादमाकडून उचल घेतात की नाही, तसंच ते. कोयता तेवढा नव्हता हातात. आता नियम असा आहे, नोंदणीकृत एजंटानं फी ३० हजार आणि वर जीएसटी, याच्यावर घ्यायचीच नाही. दहावी नापास असेल तर पासपोर्टवर ईसीआर असतो, म्हणजे बाहेर कामाला जायला सरकारची परवानगी लागते असा शेरा, मग ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद झाल्याबिगर आखातात कामाला जाता येत नाही. जो म्हणतो "व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर कामाचा करून देतो", त्याच्या गल्लीतून बी जाऊ नका.

कमावलं का? कमावलं. घर बांधलं, दोन बोअर घेतले (एक कोरडा गेला, ते सोडा), बहिणीचं लग्न केलं. उन्हाचं कौतुक आपल्याला सांगू नये कुणी, आपण मे महिना परभणीत काढलेला आहे. तिथं जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी उन्हातलं काम बंद ठेवायचा नियम आहे, मोठ्या कंपन्या पाळतात.

पण दादा, तुम्ही ज्याला गुण म्हणता त्याच्यावर माझं एक ऐका. "परत जायचंच आहे" म्हणून मी १४ वर्षांत तिथं काहीच मांडलं नाही. ताट एक, गादी एक. बायको-लेकरं गावात. थोरला मला आठ वर्षांचा होईपर्यंत "ते" म्हणायचा. "ते आले का, ते कधी जाणार." परतीचा हिशोब धरून राहणं काय असतंय, हे तुम्ही लातुरात बसून लिहायलात.

आणि कामाची गोष्ट. कंत्राटात बेसिक किती आहे ते बघा. सर्व्हिस संपल्यावरचा पैसा अबुधाबीत बेसिकवर मिळतो, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा. भत्ते त्यात धरत नाहीत.

मांजराकाठ

ताई, जमिनीचं मला खरंच माहीत नव्हतं. आज ओळखीच्या सीएलाही विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. तो मुद्दा मागं घेतो.

पण आई-वडिलांचं काय? वडील ६३, आईला शुगर. ब्लू कार्डवाल्याचे आई-वडील तिथं राहू शकतात का? कागदावर सोडा, खरोखर?

बी२_झाली_एकदाची

मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांसाठी आई-वडिलांना आणायची तरतूद आलीय. खरोखर विचाराल तर आरोग्य विम्यापाशी गाडी अडते. साठीपुढच्या माणसाचा विमा काढणं इथं फार महाग आणि अवघड आहे. माझी आई तीन महिन्यांच्या व्हिसावर येते, दोन महिन्यांत कंटाळते. या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडत नाही.

परत_आलो_संभाजीनगरला

दोघंही देश निवडताय जणू देश जागेवर उभा राहणार आहे. मी कॅनडाला सहा वर्षं काढून आलो. तिथं जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली, नोव्हेंबरात विद्यार्थ्यांची जलद व्हिसा योजना बंद झाली, मार्च २०२५ ला एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे गुणांवर पक्का रहिवास देणाऱ्या योजनेतून, नोकरीच्या ऑफरचे गुणच काढून टाकले. माझ्या खोलीतल्या पोराचे तेवढ्यावरच गुण बसत होते. अमेरिकेचं तर बोलूच नका, रोजगारावरच्या ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. आपली रांग पिढीभराची.

हुन्नर निवडा. भाऊ मेंटेनन्सचा माणूस आहे ना? पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), रोबोट, जे वाळूजला हाताला लागतं ते पक्कं करा. मग तीन देशांचे दरवाजे वाजवता येतात. एकच देश डोक्यात घेऊन बसणारा त्या देशाचा कायदा बदलला की उघडा पडतो.

खवचट_नांदेडकर

हुन्नर निवडा म्हणणारे सहा वर्षांनी परत का आले, तेही लिहा.

परत_आलो_संभाजीनगरला

बायकोला इथं प्राध्यापकी मिळाली. लिहिलं.

बाप_म्हणून

मी निलंग्याकडचा. पोरगा मेलबर्नला. या चर्चेत आई-बापांच्या नावानं बरंच चाललंय, म्हणून एक आई-बाप बोलतो.

तिथल्या साध्या पॅरेंट व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे. लवकरचा पाहिजे तर माणशी पन्नास हजार डॉलरच्या घरात पैसे भरायचे, आणि त्यालाही दहा-बारा वर्षांहून जास्त थांबायचं. पोरगा फॉर्म भरतो म्हणाला. मी म्हणालो, नको. मला मुळात तिकडं राहायचंच नाही. आम्हाला कुणी विचारतच नाही की तुम्हाला यायचंय का. सगळे आपल्या मनानं "आई-वडिलांचं काय" म्हणतात.

आणि येळवस. तो पहिली चार वर्षं दर येळवसीला यायचा. दहा दिवसांची सुटी. त्यातले दोन प्रवासात, तीन झोपेत, बाकीचे मोबाइलवर ऑफिसशी. शेतात उभा राहून पाया पडला, फोटो काढला, गेला. मागच्या खेपेला मीच म्हणालो, तीन वर्षांतून एकदा ये, पण दोन महिने ये, पेरणीला ये. आला. सून पाभरीमागं चालली. ते मला चार येळवशींपेक्षा जास्त वाटलं. दरवर्षी पोचतो म्हणून अबुधाबी, हे गणित मला काही जमत नाही, गुरुजी.

मांजराकाठ

काका, तुमच्यापुढं काय बोलणार. पण तुमच्या पोराला दोन महिन्यांची सुटी मिळाली, सगळ्यांना मिळत नाही. आणि आईची शुगर दोन महिने बघून वाढत नाही. तुम्ही धडधाकट आहात म्हणून "तीन वर्षांनी ये" म्हणू शकता. माझं मत मी अजून सोडलेलं नाही.

वाळूज_फर्स्ट_शिफ्ट

मीच तो धाकटा. लिंक दादानंच पाठवली, वाचून शहाणा हो म्हणून.

दादा लातुरात राहतो. गाव पाऊण तासावर. तो शेतात वर्षातून एकदा येतो, येळवसीलाच. मी वाळूजहून महिन्यातून दोनदा येतो, रात्रीची एसटी धरून. शेत कोण बघणार हा प्रश्न मला विचारण्याआधी एवढं इथं लिहून ठेवतो.

जर्मनी कशासाठी, तर पाच वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेलं मशीन दुरुस्त करतोय. पॅनेल उघडलं की आतल्या पाटीवर तिकडच्या कुठल्यातरी गावाचं नाव असतं. ते जिथं बनतं तिथं मला काम करायचंय. अबुधाबीत मी परत दुरुस्तीच करणार, फक्त पैसे जास्त. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये स्टुटगार्टवाल्या राज्याशी कुशल कामगारांचा करार केला तेव्हापासून आमच्या लाइनवर अर्धी पोरं जर्मन शिकायलीत, मी काही एकटा वेडा नाही.

ताई, एक विचारायचं होतं. बारा-तेरा लाख अडकवायचे, त्यातले सहा माझ्याकडं आहेत. बाकीच्यासाठी जमिनीवर कर्ज काढावं का?

बी२_झाली_एकदाची

नाही. अडकवलेले पैसे तुमचेच असतात, दरमहा थोडे थोडे परत मिळतात, पण नोकरी लांबली तर तेच खाऊन संपतात. आणि सध्या इथल्या मोटार कारखान्यांत कपात चाललीय, मेकॅनिकलवाल्याला वर्षभर फिरावं लागू शकतं. जमिनीवरच्या कर्जावर तर अजिबात येऊ नका. बी१ करा, पदवीच्या मान्यतेचे कागद तिथूनच मागवा आणि तिथूनच अर्ज टाका. ऑफर हातात आली तर ब्लू कार्ड मिळतं, मग पैसे अडकवायचा प्रश्नच नाही. २०२५ ला त्याची पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती, इंजिनिअरसारख्या टंचाईच्या कामांना थोडी कमी. हातात महिन्याला साधारण अडीच हजार पडतात.

आणि इथं पाच वर्षं पेन्शनचे पैसे कापले गेले की म्हातारपणी पेन्शन भारतातही मिळते, दोन्ही देशांत तसा करार आहे. परतीच्या तिकिटाची काळजी असणाऱ्यांसाठी लिहिलं.

मांजराकाठ

महिन्यातून दोनदा येतोस ते आईच्या हातच्या जेवणाला. असो, घरी बोलू.

अबुधाबीला १५ तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. हातातली नोकरी सोडून अर्ज टाकत बसायचं, हे मला अजूनही पटत नाही.

दम्माम_१४_वर्षं

दादा, मी मघाशी विचारलेलं तसंच राहिलं. कंत्राटात बेसिक किती आहे?

मांजराकाठ

२,८००. बाकी घरभाडं, प्रवास आणि साइट भत्ता.

दम्माम_१४_वर्षं

म्हणजे तीन वर्षं राबून शेवटी सहा हजार दिऱ्हमबी हातात येईनात. मग वर ७,५०० कामून लिहिलं?