कमी झोपेत दिवसभर जागे राहण्यासाठी कडक कॉफी कोणती घ्यावी? (कळवा ते महापे)

कळव्याची लेक

नमस्कार. गेल्या दिवाळीपासून माझे वडील पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळलेले आहेत आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. रात्रीचे हे काम माझ्याकडे असते, कारण आईचे गुडघे दुखतात आणि भाऊ पुण्याहून पंधरा दिवसांतून एकदाच येऊ शकतो. अकराला मी अंग टाकते आणि एक, तीन व पाच वाजता उठते, त्यामुळे झोप जेमतेम साडेचार तास मिळते आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. सव्वाआठला स्कूटरने निघून ठाणे-बेलापूर रस्त्याने महापे येथील प्रयोगशाळेत नऊच्या आत पोहोचावे लागते. तिथे औषधांच्या नमुन्यांची तपासणी असते आणि एकही आकडा चुकून चालत नाही.

सध्या सकाळी घरी एक कप, अकराला ऑफिसच्या मशीनची एक, दुपारी चारला एक आणि संध्याकाळी सातला एक अशी कॉफी घेते. मागच्या महिन्यात पाकिटावर ‘एक्स्ट्रा स्ट्राँग’ असे छापलेली पूड मुद्दाम आणली. रंग काळाभोर आहे, चव इतकी कडू आहे की दोन चमचे साखर लागते, आणि तरीही साडेदहा वाजले की सूक्ष्मदर्शकापुढे डोळे मिटू लागतात. खरोखर कडक कॉफी कोणती, ती आपल्या भागात कुठे मिळेल आणि दिवसाला किती कप घेतलेले चालतात, हे अनुभवी लोकांनी सांगावे. मला थायरॉइडची गोळी चालू आहे, हेही नमूद करते.

फिल्टरकाका, नेरूळ

ताई, आधी ते पाकीट उलटे करून बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. बहुतेक तिथे कॉफी ६० टक्के आणि चिकोरी ४० टक्के, किंवा त्याच्या आसपासचे प्रमाण दिसेल. भारतातल्या नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेला जवळजवळ अर्धा भाग चिकोरीचा असला तरी ते कायदेशीर आहे. चिकोरी हे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ असून तिच्यात कॅफीन अजिबात नसते. काळा रंग, दाटपणा आणि जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा तिच्यामुळे येतो. आपण ज्याला कडक म्हणतो ती चव आणि झोप उडवणारा पदार्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पाकिटात पहिली भरपूर तर दुसरी बेताची आहे.

हिशेब करून पाहा. फिल्टरमध्ये १० ग्रॅम पूड घातली आणि ती ६०:४० असली, तर प्रत्यक्ष कॉफी ६ ग्रॅमच पडली. ती अरेबिका जातीची असेल तर तिच्यात साधारण १.२ टक्के कॅफीन असते, म्हणजे सगळे उतरले तरी ७० मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढीच पूड चिकोरीविना आणि रोबस्टा जातीची घेतली, तर रोबस्टात कॅफीन साधारण २.२ टक्के असल्यामुळे आकडा २०० च्या पुढे जातो. एवढी तफावत एकाच चमच्यात असते. बियांचा काळपटपणाही फसवा असतो, कारण जास्त भाजल्याने कडवटपणा वाढतो, कॅफीन मात्र वाढत नाही.

वाशी, नेरूळ, चेंबूर किंवा माटुंगा इथे दाक्षिणात्य सामानाची जी दुकाने समोर पूड दळून देतात, तिथे जाऊन ‘प्लांटेशन ए आणि रोबस्टा निम्मे-निम्मे, चिकोरी नको’ असे स्पष्ट सांगा. नुसता रोबस्टा पहिल्यांदा घशाखाली उतरत नाही, म्हणून निम्मे प्लांटेशन ए, म्हणजे अरेबिका, सुचवले. ‘पीबेरी’ अधिक कडक असते असे दुकानदार म्हणेल, पण फळात दोनऐवजी एकच गोल बी धरली की तिला पीबेरी म्हणतात. तिचा सुगंध मला स्वतःला फार आवडतो, तथापि झोप घालवण्याशी त्याचा संबंध नाही. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त दळून घेऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत पूड लवकर उतरते, विशेषतः पावसाळ्यात.

तुमच्यासाठी फिल्टर आणखी एका कारणाने सोयीचा आहे. रात्री अकराला वरच्या भांड्यात पूड घालून, चकतीने हलके दाबून, उकळते पाणी ओतून ठेवलेत तर पहाटे उठाल तेव्हा डिकॉक्शन खाली उतरून तयार असेल. अर्धवट झोपेत गॅसजवळ खटपट करायला नको, फक्त दूध तापवायचे.

घोडबंदरकर

मी रात्री माल पोहोचवण्याचे काम करतो आणि एनर्जी ड्रिंकचा एक डबा घेतला की तीन तास निभावतात. कॉफीपेक्षा ते जास्त जोरदार असते असे माझे मत आहे. ताईंनी तेही वापरून पाहावे.

फिल्टरकाका, नेरूळ

दादा, आपल्याकडे अशा पेयांत लिटरमागे जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात फार तर ७५ मिलिग्रॅम. चांगल्या एका कप कॉफीत तेवढे असतेच. तुम्हाला जोर वाटतो त्यात साखरेचा आणि थंडपणाचा वाटा मोठा आहे. ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त एका दिवसात घेऊ नये, ही सूचना डब्यावर असते, ती कृपया पाळा. आणि कोणी ऑनलाइन मिळणारी शुद्ध कॅफीन पावडर सुचवली तर तिला हातही लावू नका. तिच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे २८ कप कॉफीइतके कॅफीन असते आणि स्वयंपाकघरातल्या चमच्याने ती सुरक्षितपणे मोजताच येत नाही.

रात्रपाळी, नौपाडा

मी परिचारिका म्हणून एकतीस वर्षे काम केले आणि त्यातली बरीच वर्षे रात्रपाळीत काढली. कॉफीबद्दल काकांनी नेमके सांगितले आहे. मला त्या कॉफीच्या वेळांबद्दल बोलायचे आहे, आणि त्याहून जास्त तुमच्या रात्रीबद्दल.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचा पदार्थ साठत जातो आणि त्याच्यामुळे पेंग येते. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसते. साठा तसाच राहतो, फक्त तो जाणवत नाही, आणि कॅफीन ओसरले की साचलेली सगळी झोप एकदम अंगावर येते. कॅफीनचा जोर प्यायल्यानंतर अर्ध्या ते एक तासात पुरता चढतो, आणि शरीरातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. म्हणजे तुमच्या सातच्या कपातले अर्धे कॅफीन मध्यरात्री अंगात असते. २०१३ सालच्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप एका तासाहून जास्त कमी झाली होती. तुमचा कप तेवढा मोठा नाही, परंतु तुमच्याजवळ गमावण्याजोगा अर्धा तासही नाही. सातची कॉफी आजच बंद करा आणि चारची दीडवर आणा. पहाटे एक मोठा पेला पिण्याऐवजी साडेसहाला अर्धा कप, साडेनऊला एक आणि दीडला शेवटचा, असे थोडेथोडे घेतले तर जाग अधिक सारखी टिकते. निरोगी प्रौढ व्यक्तीला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० पर्यंत चालते असे मानतात. छातीत धडधड झाली तर मात्र तुमची मर्यादा त्याच्या अलीकडे आहे असे समजा.

थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी घ्या आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो एक तास कॉफी घेऊ नका, कारण कॉफीमुळे ती नीट शोषली जात नाही. पाचला वडिलांसाठी उठता तेव्हाच ती घ्यावी, म्हणजे साडेसहाची कॉफी आड येणार नाही. लोहाची गोळी घेत असाल तर तीही कॉफीपासून दूर ठेवा.

आता रात्रीबद्दल. वडिलांच्या खाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत एक सुती चादर दुहेरी करून आडवी घाला. कूस बदलताना माणसाला हात घालून ओढायचे नाही, ती चादर कडेने धरून आपल्याकडे घ्यायची आणि पाठीमागे उशी सरकवायची. पूर्ण कुशीवर वळवण्याची गरज नसते. साधारण तीस अंशांचा कल आला आणि माकडहाडावरचा भार सुटला की पुरते. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली एक उशी ठेवा. या पद्धतीत कमरेला आणि गुडघ्यांना फारच कमी ताण पडतो आणि तुमच्या आईंनाही ते जमेल असे मला वाटते. त्यांना आधी दिवसा दोन-तीनदा करू द्या. जमले तर तुम्ही जेवून साडेनऊला झोपायचे, अकरा आणि एकची पाळी आईंची, तीन आणि पाचची तुमची. साडेनऊ ते तीन सलग मिळालेले साडेपाच तास आणि तीन तुकड्यांत मिळालेले साडेचार तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी वॉर्डात स्वतःच्या शरीरावर अनुभवलेले आहे. हवा भरणारी गादी भाड्यानेही मिळते. तिच्यामुळे कूस बदलणे सुटत नाही, परंतु त्वचा पाहून दोन पाळ्यांमधले अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

स्कूटरबद्दल काळजी वाटते म्हणून लिहिते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सलग चौदा रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची एकाग्रता दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली, आणि आपण इतके घसरलो आहोत याची त्यांना पुरेशी जाणीवही नव्हती. तुम्ही कित्येक महिने साडेचार तासांवर आहात. अवजड वाहनांच्या त्या रस्त्यावर सकाळी स्कूटर चालवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ऐरोलीकर

स्कूटरऐवजी लोकलचा विचार करावा. कळव्याहून ठाणे एकच स्थानक आहे आणि तिथून ट्रान्स-हार्बर गाडी सुटते, त्यामुळे महिलांच्या डब्यात बसायला जागा मिळण्याची शक्यता बरी असते. घणसोलीपर्यंत पाव तास ते वीस मिनिटे लागतात, आणि पुढे शेअर रिक्षाने महापे गाठता येते.

या प्रवासाचा एक उपयोग मी स्वतः दोन वर्षे केला आहे. ठाण्याला गाडीत बसण्याआधी कॉफी प्यायची, बसल्याबरोबर मोबाइलचा गजर कंपनावर लावून खिशात ठेवायचा आणि डोळे मिटायचे. कॉफीचा असर सुरू व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात डुलकी पुरी होते आणि उठताना दोन्हींचा फायदा एकत्र मिळतो. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली कमी झोपलेल्या चालकांवर हा प्रयोग केला होता आणि डुलकीला कॅफीनची जोड दिल्यावर चुका स्पष्टपणे कमी झाल्या होत्या. डुलकी वीस मिनिटांच्या आतच ठेवावी, अर्ध्या तासापलीकडे गेली की उठल्यावर डोके जड होते. झोप लागली नाही तरी डोळे मिटून बसावे.

कळव्याची लेक

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

पाकिटावर खरोखरच चिकोरी ४७ टक्के निघाली. नेरूळहून चिकोरीविना निम्मा रोबस्टा दळून आणला आणि पहिल्या दिवशी नेहमीच्या मापाने घेतल्यावर हात थरथरले, म्हणून आता एका कपाला सात ग्रॅमच घालते. सातची कॉफी बंद केल्यावर पहिले चार-पाच दिवस डोके ठणकत होते, नंतर ते थांबले. स्कूटर इमारतीखाली उभी आहे आणि साडेनऊची कॉफी मी आठला ठाणे स्थानकावर थर्मासमधून घेते.

सगळ्यात मोठा बदल आडव्या चादरीने झाला. आईला दुसऱ्याच दिवशी ते जमले. ‘मला हे आधी का नाही सांगितलंस’ असे ती म्हणाली, आणि इतके महिने आपण वडिलांसाठी काही करू शकत नाही याचे तिला किती दुःख होते ते मला तेव्हा कळले. साडेनऊ ते तीन मी झोपते. साडेदहाची पेंग अजून येते, परंतु दोन आठवड्यांत एकही नमुना पुन्हा तपासावा लागलेला नाही. डॉक्टरांनी हवेच्या गादीवर रात्रीचे अंतर तीन तास करायला परवानगी दिली आहे, ती गादी रविवारी येईल.

काकांना एक शेवटचा प्रश्न. भाऊ येतो त्या शनिवारी मी कॉफी घेतच नाही, तेव्हा आदल्या रात्रीचे डिकॉक्शन फ्रिजमध्ये ठेवून रविवारी वापरले तर चालेल का?

फिल्टरकाका, नेरूळ

झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवलेत तर एक दिवस चालेल, कॅफीनही तेवढेच राहते, सुगंध मात्र जातो. ते पुन्हा उकळू नका, गरम दूध वरून ओता. आणि भाऊ असतो त्या रात्री फिल्टर लावूच नका, तीनचा गजरही बंद ठेवा.