शब्दचर्चा : 'होलिस्टिक नर्सिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका मराठी पुस्तिकेचं संपादन करते आहे. 'होलिस्टिक नर्सिंग'ला लेखकाने एका पानावर 'सर्वांगीण परिचर्या', पुढच्या पानावर 'समग्र शुश्रूषा' आणि एके ठिकाणी चक्क 'संपूर्ण सेवा' म्हटलंय. मला एकच शब्द ठरवायचा आहे. 'समग्रतावादी' मनात आला होता, पण ते एखाद्या राजकीय पक्षाचं नाव वाटतं. शिवाय नर्सिंगला परिचर्या म्हणावं की शुश्रूषा? दोन्ही समानार्थी धरायचे का?

प्रतिसाद

राजकारणाचा वास येतोय तो अगदीच उगाच नाही. 'होलिझम' हा शब्द घडवला यान स्मट्स यांनी, १९२६ सालच्या आपल्या पुस्तकात, आणि हे गृहस्थ दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान होते. मूळ ग्रीक 'होलोस', म्हणजे अख्खं, सबंध. कल्पना अशी की अख्खी गोष्ट तिच्या भागांच्या बेरजेहून वेगळी असते.

म्हणून 'सर्वांगीण' माझ्या मते बाद. सर्व अंगं म्हटलं की अंगं मोजणं आलं. नर्सिंगच्या अभ्यासक मार्था रॉजर्स यांनी १९७० मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा सगळा रोख नेमका या मोजणीच्या विरोधात आहे. माणूस म्हणजे शरीर अधिक मन अधिक समाज नव्हे. तो एकसंध आहे आणि भोवतालापासून वेगळा काढता येत नाही. त्यांची ऊर्जाक्षेत्रांची भाषा मला आजवर पचलेली नाही, पण बेरीज नाकारण्याचा मुद्दा पक्का आहे. 'समग्र' ठेवा.

प्रतिसाद

वॉर्डात काम करणारीच्या नजरेतून लिहिते. बेरीज काय करते ते आमच्या छापील फॉर्मवर दिसतं : शारीरिक, मानसिक, सामाजिक, आध्यात्मिक असे चार रकाने. चारही ठिकाणी टिक केली की झालं होलिस्टिक! आणि ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देताना मात्र 'सात नंबरचा हर्निया'.

आता हे बघा. पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट दुसऱ्या दिवशी खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. कफ साठला तर न्यूमोनिया व्हायची भीती. खोका म्हणून दहादा सांगितलं तरी मान हलवतो आणि तसाच पडून राहतो. जरा टेकून विचारलं की कळतं, खोकलो तर टाके उसवतील अशी धास्ती बसली आहे. मग आधी वेदनाशामकाचा अंमल चढू द्यायचा, नंतर उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायला लावायची आणि तशीच धरून खोकायला शिकवायचं. घरचं माणूस जवळ असेल तर त्यालाही दाखवायचं, म्हणजे आमच्या पाठीमागे तो करून घेतो. सांगा, ही नोंद कोणत्या रकान्यात करू? कफ शारीरिक, भीती मानसिक, घरचं माणूस सामाजिक. पण काम एकच होतं.

दुसरं म्हणजे झोप. नर्सिंगच्याच अभ्यासक मायरा लेव्हाइन यांनी १९६७ मध्ये जपणुकीची चार तत्त्वं मांडली : पेशंटची शक्ती, शरीराची अखंडता, व्यक्ती म्हणून त्याची अखंडता आणि सामाजिक अखंडता. ऐकायला जड वाटतात, पण नाइट ड्यूटीला पहिल्या तत्त्वाचा अर्थ लगेच कळतो. बीपी एकदा, इंजेक्शन तासाने आणि सलाईनची बाटली त्यानंतर असं तीनदा उठवण्यापेक्षा जमतील तितकी कामं एका फेरीत उरकायची. पेशंट अस्थिर असेल तर उठवावंच लागतं, तिथे तत्त्व बाजूला. आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या आसपासच लिहून ठेवलंय की विनाकारण आवाज करणं ही रुग्णाच्या बाबतीतली फार निर्दय हेळसांड आहे. तेव्हा 'होलिस्टिक' हा शब्दच जन्माला यायचा होता.

जाता जाता : होलिस्टिक म्हणजे सुगंधी तेलं आणि मसाज, हा समज पुस्तिकेत पहिल्याच पानावर खोडा.

प्रतिसाद

शुश्रूषा आणि परिचर्या समानार्थी म्हणून चालतात, पण घडण वेगळी. परिचर्या म्हणजे 'परि' अधिक 'चर्', आजूबाजूला वावरणं, अवतीभवती राहून करणं. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे चार गुण दिले आहेत : उपचारांची जाण, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता.

शुश्रूषा 'श्रु' धातूपासून आहे. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची, तशी शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातून पुढे आला. 'चिकित्सा' हा शब्दही याच घडणीचा, फक्त त्यात इच्छेचा अर्थ उरलेला नाही. वर सिस्टरांनी टाक्यांच्या भीतीचं सांगितलं ते वाचल्यावर मी तर म्हणेन, डोळे मिटून 'समग्र शुश्रूषा'.

प्रतिसाद

थांबा, इतकं गोड मानून घेऊ नका! गुरूची शुश्रूषा म्हणजे गुरूचं ऐकणं, आज्ञेत राहणं. तोही अर्थ त्या शब्दात आहे. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच करणारी ही प्रतिमा पुसायला आमच्या व्यवसायाला फार वर्षं लागली. नर्सिंगच्या अभ्यासक जीन वॉटसन यांनी १९७९ मध्ये बरं करण्याहून निराळी अशी काळजी घेण्याची बाजू स्वतंत्र विद्या म्हणून मांडली, ती याचसाठी. 'सेवा'ही त्याच कारणाने नको. सेवा म्हटलं की पगाराचा विषय काढणंच अवघड होऊन बसतं. विषयाचं नाव परिचर्या राहू द्या.

प्रतिसाद

'साकल्य' कुणालाच सुचलं नाही? साकल्याने विचार करणं आपण रोज म्हणतो. अर्थात फोड केली तर 'सकल' म्हणजेही कलांसह, अंशांसह, म्हणजे भाग आलेच. पण ते आता कुणाला ऐकू येत नाहीत.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. शीर्षकात आणि विषयाच्या नावात 'समग्र परिचर्या', वाक्यात 'रुग्णाचा साकल्याने विचार', आणि पलंगाशी बसून प्रत्यक्ष काय करायचं त्या प्रकरणात 'शुश्रूषा'. 'सर्वांगीण' आणि 'संपूर्ण सेवा' काढून टाकते. उशीचं उदाहरण घेतलं तर चालेल ना, सिस्टर?

प्रतिसाद

घ्या की. फक्त 'वेदनाशामकाचा अंमल चढल्यावर' हे शब्द गाळू नका, नाहीतर मुली औषधाआधीच खोकायला लावतील.

प्रतिसाद

आणि 'शुश्रूषा'त पहिला 'शु' तालव्य, 'श्रू' दीर्घ. तुमच्या लेखकाने बहुतेक 'सुश्रुषा' लिहिलं असेल, शोधून बघा.