सॉलिड मेशवर टॉर्क नेमका कसा द्यावा?

प्रश्न – डिझाइन विभाग, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

नमस्कार. गुऱ्हाळातील ऊस-चरकाच्या गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट तपासत आहे. मोटर 7.5 किलोवॉटची, 1440 आरपीएमची आहे आणि गिअरबॉक्सचे गुणोत्तर 20 आहे, त्यामुळे शाफ्ट 72 आरपीएमने फिरतो आणि घर्षणातील तूट सोडल्यास त्यावर सुमारे 995 न्यूटन-मीटर टॉर्क येतो. व्यास 50 मिलिमीटर. संगणकावरील फायनाइट एलिमेंट विश्लेषणासाठी टेट्रा मेश करून (शाफ्ट चार पृष्ठांच्या लहान सॉलिड घटकांत विभागून) एक टोक जखडले व दुसऱ्या टोकाच्या मधल्या नोडला (घटकांच्या जोडबिंदूला) हा टॉर्क मोमेंट म्हणून दिला. सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्राम) विनातक्रार पूर्ण चालला, पण विस्थापन आणि स्ट्रेस सगळीकडे शून्य आले. मोमेंट गेला कोठे, आणि तो द्यावा कसा?

उत्तर 1 – निवृत्त प्राध्यापक, यंत्र अभियांत्रिकी

सॉलिड घटकाच्या नोडला फक्त तीन दिशांना सरकता येते. वळण्याची डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र हालचाल) त्याला नसतेच. बीमच्या (रेषेने दाखवलेल्या दांड्याच्या घटकाच्या) नोडला सरकण्याच्या व वळण्याच्या मिळून एकूण सहा असतात, म्हणून तेथे मोमेंट थेट चालतो. आपण दिलेला मोमेंट ज्या समीकरणात बसायचा ते समीकरणच आपल्या मॉडेलमध्ये नाही. काही सॉल्व्हर अशा वेळी त्रुटी दाखवून थांबतात, तर काही भार मुकाट्याने सोडून देतात. नॅस्ट्रान या सॉल्व्हरमध्ये ऑटोएसपीसी ही सोय चालू असेल तर कडकपणा नसलेली दिशा आपोआप जखडली जाते. म्हणून प्रत्येक रनमध्ये जखडलेल्या टोकाची मोमेंट-प्रतिक्रिया 995 येते का, हे स्ट्रेसचे रंग पाहण्याआधी तपासावे.

उपाय असा की अक्षावर एक स्वतंत्र संदर्भ-नोड घ्यावा, तो टोकाच्या पृष्ठभागाशी कपलिंगने (नोडांच्या हालचाली एकमेकांशी बांधणाऱ्या गणिती जोडणीने) जोडावा आणि मोमेंट त्या नोडवर द्यावा.

उत्तर 2 – विश्लेषक, गोकुळ शिरगाव

सरांच्या उत्तराला जोड देतो. कपलिंग दोन प्रकारचे असते (नॅस्ट्रानमधील नावे आरबीई2 आणि आरबीई3) आणि निवड विचारपूर्वक करावी लागते. आरबीई2 सगळे नोड एकाच ताठ तबकडीसारखे बांधते, त्यामुळे मूळ भागात नसलेला कडकपणा येतो. आरबीई3 मोमेंटचे रूपांतर नोडांवरील बलांत करते आणि पृष्ठभागाला स्वतःच्या कलाने विकृत होऊ देते. मात्र त्यातील सॉलिडच्या नोडांना फक्त तीन सरकण्याच्या दिशाच द्याव्यात.

साध्या गोल शाफ्टवर दोन्हींचे उत्तर जवळपास एकच येईल, कारण गोल छेद पिळला तरी सपाट आणि गोलच राहतो. पडताळणी हाताने करा: 16T भागिले πd³ (T म्हणजे टॉर्क, d म्हणजे व्यास) या सूत्राने पृष्ठभागावरील शिअर स्ट्रेस सुमारे 40.5 एमपीए येतो, आणि जी (शिअर मॉड्युलस) 80 जीपीए धरल्यास 500 मिलिमीटर लांबीत पीळ सुमारे 0.58 अंश. कपलिंगपासून निदान एक व्यास दूरचा स्ट्रेस वाचावा. टोकाजवळचा आकडा कपलिंगचा असतो, शाफ्टचा नव्हे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आरबीई3 वापरल्यावर प्रतिक्रिया बरोबर आली आणि पीळही जुळला. पण या टोकाला 14 × 9 मिलिमीटरची चावी (शाफ्ट आणि त्यावरील हब यांना एकत्र फिरवणारी पट्टी) आहे. चावीघाटाच्या (चावी बसते त्या खाचेच्या) भिंतीवर थेट बल दिले तर अधिक खरे ठरेल का?

उत्तर 3 – गिअरबॉक्स डिझाइनर, कागल

ठरेल, पण बलांच्या जोडीतील एकच बल देऊ नका. 995 न्यूटन-मीटरला 25 मिलिमीटर त्रिज्येने भागल्यास सुमारे 39.8 किलोन्यूटन येतात. एवढे बल फक्त एका भिंतीवर दिले तर टॉर्कबरोबर तेवढेच आडवे बलही शाफ्टवर पडते आणि प्रत्यक्षात नसलेले बेंडिंग दिसते. खऱ्या जोडणीत हब शाफ्टच्या पृष्ठभागावर टेकून उलट दिशेने तेवढेच बल देतो, म्हणजे बलांची जोडी तयार होते. एकटी चावी टॉर्क देत नाही. म्हणून वेळ असेल तर हब आणि चावी मॉडेलमध्ये घेऊन त्यांच्यात कॉन्टॅक्ट (एकमेकांवर टेकण्याचा संबंध) द्यावा आणि संदर्भ-नोड हबच्या बाहेरील पृष्ठभागाशी जोडावा. चावीघाटाच्या तळकोपऱ्याला खरी त्रिज्या द्या. धारदार कोपरा ठेवला तर मेश जितकी बारीक कराल तितका स्ट्रेस वाढतच जाईल आणि तो आकडा कशालाच लावता येणार नाही.

आणखी एक: पुढील उघड्या गिअरच्या दातांवरील बलामुळे या शाफ्टला खरेखुरे बेंडिंगही येते. ते वेगळा लोड म्हणून, बेअरिंगच्या जागा धरून द्यावे. सध्याच्या एका टोकाला जखडलेल्या मॉडेलवर ते लावू नये.