उचल घेऊन चूल पेटवणाऱ्या आपल्याच सरकारला कोण विचारणार?

देवगडचा बागायतदार

आमच्या घरात मत जनसंघाच्या पणतीपासून ठरलेलं. वडिलांनी पणतीवर शिक्का मारला, मी कमळावर. त्यामुळे हे लिहिताना हात जड होतोय.

वडील एक गोष्ट बजावायचे: वाशीच्या आंबा बाजारातल्या दलालाकडून उचल, म्हणजे मोसमाआधी आगाऊ पैसे, घेतलीस तर फवारणीपुरती घे, घरखर्चाला घेऊ नको. उचल घेतली की पेट्या त्याच्याच गाळ्यावर उतरतात आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, तो देईल ती. पुढचा मोसम आपला राहत नाही.

राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा रोजचा खर्चच जमेत बसत नाही, त्यासाठी कर्ज काढायचं. एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, हा सरकारचाच तेव्हाचा अंदाज. दुसऱ्यांचं सरकार असतं तर मी नाक्यावर उभा राहून बोललो असतो.

सरकारने तूट आटोक्यात ठेवावी असं सांगणारा वित्तीय जबाबदारीचा कायदा २००३ साली वाजपेयींच्या सरकारने केला. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी रेवडीच्या, म्हणजे फुकट वाटपाच्या, राजकारणापासून सावध राहायला सांगितलं, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांनी, विधानसभेच्या तोंडावर, बायकांच्या खात्यात महिना दीड हजार टाकणारी लाडकी बहीण आली. चारचाकी दारात असलेलं घर त्यात बसत नव्हतं, तरी आमच्या वाडीतल्या तशा घरांनी अर्ज भरले. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. सुमारे २६ लाख खात्यांचे पैसे अपात्रतेच्या कारणावरून थांबवल्याचं जुलै २०२५ मध्ये सांगितलं गेलं. मतदान होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ही छाननी आधी का नाही झाली?

आणि वर शक्तिपीठ महामार्ग: वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी, २०२५ च्या मंजुरीप्रमाणे ८०२ किलोमीटर, ८६ हजार कोटी. आमच्या सिंधुदुर्गात कोणी मागितला होता? मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, तेव्हापासून चाकरमानी दर गणपतीला खड्ड्यांतून घर गाठतायत.

मालवण धक्का

काका, रस्त्याचं पटलं. दीड हजाराचं नाही पटलं.

माझी आई मासे विकते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात पैसा येतो तो सुक्या मासळीचा, तोही पाऊस सुकवू देईल तर. सोसायटीकडून मिळणारा डिझेलचा परतावा महिनोन्महिने थकतो. वादळात होडीचं नुकसान झालं तर पंचनामा होतो, पुढचं विचारू नका. आजवर सरकारकडून थेट आईच्या हातात पडलेली ही पहिली रक्कम. तिने त्यातून जाळ्यासाठी सूत घेतलं, माझ्या भावाची फी भरली. तुमच्या वडिलांच्या भाषेत ही फवारणीच झाली ना?

कर्जाचा विषय निघाला की बोट आधी बायकांच्या खात्याकडे जातं. आई म्हणाली तेच लिहिते: "पैशे खय गेले ता इचारताना आमकाच कित्याक इचारतास?"

चिपळूणचा कार्यकर्ता

दादा, आकडे अर्धेच दिलेत. त्याच अर्थसंकल्पाप्रमाणे कर्ज राज्याच्या सकल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत, मर्यादा २५ ची. राजकोषीय तूट, म्हणजे सगळा खर्च भागवायला वर्षात काढावं लागणारं कर्ज, ३ टक्क्यांच्या खाली. आणि २०२४ ला समोरच्यांनी, महाविकास आघाडीने, बायकांना महिना ३ हजार कबूल केले होते. आपण हात आखडून बसलो असतो तर ते आले असते आणि दुप्पट वाटलं असतं. मी उन्हातान्हात घरोघर फिरलोय. सत्ता गेली की तत्त्व घेऊन कुठे जायचं, सांगा.

सावंतवाडी, पाणी योजना

टक्केवारी मला सांगू नका. मी लहान ठेकेदार. नळपाणी योजनेचे पाइप टाकले, मजुरांचे पैसे दिले, सिमेंटवाल्याचे अजून देतोय. बिल अडकलंय. विचारलं की 'निधी नाही'. टाकीच्या उद्घाटनाच्या फलकावर मात्र सगळ्यांचे फोटो आहेत. मीही कमळवालाच आहे.

गुहागरकर

पुढच्या वेळी घरी बसायचं. मत नाही.

देवगडचा बागायतदार

घरी बसणार नाही. वडील तापात असतानाही केंद्रावर गेले होते.

चिपळूणकर, मर्यादेत आहोत हे खरं, आणि आकडा पुरा द्यायला हवा होता. पण दलालही उचल मर्यादेतच देतो. मी विचारतोय ती कशासाठी घेतली ते. राजकोषीय तूट मर्यादेत असली तरी महसुली तूट उरतेच, आणि तीच घरखर्चाची उचल. 'ते दुप्पट वाटतील म्हणून आपण आधी वाटू' असं म्हटलं तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक फक्त चिन्हाचा राहतो. मी चिन्हासाठी आयुष्यभर मत दिलेलं नाही.

मालवणच्या ताई, तुमच्या आईचे पैसे बंद व्हावेत असं मी म्हणणार नाही. मी दीड हजार आणि महामार्ग एका दमात लिहिलं, ते चुकलं. बंदीच्या दोन महिन्यांत मासेमारी करणाऱ्या घरांना हक्काची मदत असावी, ती गाडीवाल्यांच्या वाट्याला जाऊ नये, एवढं मी मागेन. चौदा हजारांवर पुरुषांनी लाडकी बहीणचे पैसे घेतल्याचं उघड झालं. ते तुमच्या आईच्या पैशातलेच नव्हते का?

प्रचाराला दारात येतील तेव्हा चहा देईन आणि विचारेन, शक्तिपीठाचं कर्ज कोण फेडणार आणि सावंतवाडीच्या या माणसाचं बिल कधी निघणार.

चिपळूणचा कार्यकर्ता

सभेत विचारू नका दादा, एवढी विनंती. बैठकीत बोलू. बाहेर बोललात की विरोधकांना आयतं मिळतं.

सावंतवाडी, पाणी योजना

बैठकीत बोलून झालंय. दोनदा.

मालवण धक्का

काका, सभेला मीही येणार. तुम्ही कर्जाचं विचारा. मी महायुतीने जाहीरनाम्यात दीड हजाराऐवजी कबूल केलेल्या महिना २१०० रुपयांचं विचारणार. तुम्हाला ते पटणार नाही, माहीत आहे, तरी मागे घेणार नाही. आईला आधी सांगते, धक्क्यावरच्या बाकीच्या बायकाही येतील.