मदत हवी आहे: शूटिंग रेंजवर सेफ्टीचं कुणाला आणि कसं सांगायचं?

नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात राहतो. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ घेतल्यापासून पोरीनं रायफल शूटिंगचा हट्टच धरला, म्हणून १० मीटर एअर रायफलला घातलंय. पोरगी खुश आहे, पण तिथं बघून जीव धास्तावतो ओ. कुणी टार्गेट बदलायला पुढं गेलेलं असतं आणि इकडं दुसरा पोरगा पेलेट (छर्रा) भरत बसलेला, कुणी हाक मारली की रायफल हातात धरूनच मागं वळतात. ४.५ मिमीचं शिसं आहे ते, डोळ्याला लागलं तर काय करायचं? स्पर्धेत रायफल रिकामी आहे हे दिसावं म्हणून बॅरलमध्ये (नळीत) केशरी सेफ्टी फ्लॅग घालतात, इथं एकाकडंही नाही. सरांना बोललो तर म्हणाले, ज्यानं त्यानं आपलं बघायचं. माझ्या मते हे निम्मंच खरं आहे, पोरीला मी ट्रिगरवर बोट ठेवू नको, नळी कायम टार्गेटकडं, सराव सुटल्यावर हात धू हे शिकवीन, पण शेजारच्या लेनचं काय?

कुणी शूटर किंवा एनसीसीवाले असतील तर सांगा, बाकीच्या पालकांना घेऊन परत बोलू का रेंजच बदलू? आणि फ्लॅग, शूटिंगचे गॉगल सोलापुरात कुठं मिळतात का पुण्याहूनच मागवावे लागतील?