मायकेलचा पांढरा चेहरा: शिल्प, वर्ण आणि कोड

आडवा_प्रश्न
परवा कुणीतरी अमेरिकन कलावंत जेफ कून्सच्या ‘मायकेल जॅक्सन अँड बबल्स’ या शिल्पाचे छायाचित्र टाकून खाली लिहिले होते: ‘काळा माणूस आपल्याच कातडीला लाजला की असा दिसतो, आणि ही बाहुली छप्पन्न लाख डॉलरला विकणे म्हणजे आधुनिक कला.’ त्याखालचे हसरे चेहरे पाहून राहवले नाही, म्हणून हा वेगळा धागा. शिल्प १९८८ सालचे आहे, चिनी मातीचे, जवळजवळ माणसाएवढे. फुलांवर रेललेला सोनेरी पोशाखातला जॅक्सन आणि त्याच्या मांडीवर तसाच पोशाख घातलेला त्याचा पाळीव चिंपांझी बबल्स. आपल्या त्वचेचा रंग एका विकाराने जातो आहे, हे जॅक्सनने १९९३ साली ऑप्रा विन्फ्रीच्या मुलाखतीत सांगितले आणि २००९ साली शवविच्छेदनातही ते सिद्ध झाले. ज्या माणसाला कोड होते त्याच्यावर ‘लाजला’ असा शिक्का मारून आपण कलासमीक्षा केल्याचे समाधान मिळवतो, याची मला चीड येते.

शाडूची_माती
चीड रास्त आहे, पण आपण शिल्पाला वैद्यकीय दाखला जोडत आहात. कून्सला १९८८ साली त्या विकाराची माहिती असण्याचे कारण नव्हते. त्याने जॅक्सनला ख्रिस्तासारखे रूप दिले, रचना मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’वरून (मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या मेरीच्या शिल्पावरून) घेतली आणि घडण इटलीतल्या कारागिरांकडून करून घेतली. म्हणजे तो चेहरा पांढरा ठेवण्याचा निर्णय एका गोऱ्या कलावंताचा आहे, जॅक्सनचा नाही. शिवाय कृष्णवर्णीय माणसाच्या मांडीवर माकड बसवताना त्या प्रतिमेमागचा शेकडो वर्षांचा अपमान कलावंताला ठाऊक नव्हता, हे मला पटत नाही. आपल्याला तरी कुठे ठाऊक नाही? २००७ साली वानखेडेवर आफ्रो-कॅरिबियन वंशाच्या ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्सकडे पाहून माकडचेष्टा करणारे प्रेक्षक काही अमेरिकेतून आले नव्हते.

जुना_अंधेरीकर
बबल्स जॅक्सनने खरोखर पाळला होता, तेव्हा माकड कून्सच्या मनातून आले नाही, एवढे तरी मान्य करा. बाकी वर्णद्वेषाचे हे प्रवचन मला उपरे वाटते. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात जॅक्सनच्या कार्यक्रमाला मी स्वतः होतो. त्या कार्यक्रमाचा करमणूक कर युती सरकारने माफ केला, त्याविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली, आणि आमच्या चाळीतले गृहस्थ महिनाभर कर आणि संस्कृती यांवर तावातावाने बोलत राहिले. तो काळा की गोरा, हे कुणीही विचारले नाही.

पावसाळी_कुडाळ
विचारले नाही, कारण उत्तर सगळ्यांनी आधीच ठरवून टाकले होते: ‘पैसे आले आणि गोरा झाला.’ हे वाक्य मी त्याच वर्षी आमच्या ओसरीवर ऐकले, आणि तेव्हा माझी आत्या आत ताक घुसळत होती. तिला विसाव्या वर्षी कोड आले, आधी ओठांच्या कडेला, मग बोटांवर. आजीने बावचीचे तेल लावून तिला रोज सकाळी अंगणात उन्हात बसवले. मनगटावर फोड आले, ते फुटले, आणि त्यांचे व्रण डागांपेक्षा जास्त काळ राहिले. दूध आणि मासे एकत्र खाल्ले असतील, असे शेजारणी तिच्या तोंडावर म्हणत. दोन स्थळे ठरता ठरता मोडली, तिसरे आलेच नाही. पुढे माझ्या बहिणीला पाहायला मंडळी आली की आत्या आपण होऊन मागच्या दाराने मावशीकडे जाई, आणि तिला कुणीही थांबवले नाही, मीदेखील नाही. त्यामुळे कून्सने काय ‘सूचित’ केले हा वाद घालताना, पांढऱ्या पडलेल्या त्वचेकडे बघणारी आपली नजर कशी आहे, याचाही हिशेब कुणीतरी मांडावा.

त्वचारोग_सोलापूर
वीस वर्षे हेच रुग्ण तपासतो, म्हणून लिहितो. कोड संसर्गजन्य नाही, दूध-माशांचा त्याच्याशी संबंध नाही, आणि बावचीचे तेल लावून उन्हात बसल्याने त्वचा भाजते. जॅक्सन ‘एकसारखा’ गोरा कसा झाला, हा प्रश्न मला प्रत्येक लग्नसमारंभात विचारला जातो. डाग बहुतेक अंगभर पसरले की उरलेला रंगही मोनोबेन्झोनच्या मलमाने घालवून त्वचा एकसारखी करणे हा मान्य उपचार आहे. ते गोरे होण्याचे मलम नव्हे. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या आया आधी विवाहाचेच विचारतात, आजाराचे नंतर.

शाडूची_माती
आत्यांची हकीकत वाचून मला वाईट वाटले, हे मनापासून सांगतो. पण एका घरातल्या दुःखाने शिल्पाचा अर्थ ठरत नाही, आणि धाग्याचा विषय शिल्प होता.

पावसाळी_कुडाळ
मग शिल्प तरी नीट पाहावे, साहेब. जॅक्सनच्या ओठांना लाल रंग आहे, डोळ्यांभोवती काळी रेघ आहे, आणि बबल्सचाही चेहरा तितकाच पांढरा आहे. त्या चिंपांझीला कुठला न्यूनगंड झाला होता?

जुना_अंधेरीकर
हे मात्र मी पाहिले नव्हते.

शाडूची_माती
ठीक आहे, ताई, एवढे घ्या: दोघांचे चेहरे सारखेच पांढरे असतील, तर तो वर्ण नसून चिनी मातीची झिलई असू शकते, दिवाणखान्यातल्या कपाटातल्या बाहुलीचा चकचकीतपणा कून्सने प्रचंड आकारात आणून ठेवला आहे, आणि प्रसिद्ध माणसाचे आपण नेमके तेच करतो. मात्र त्याने चिंपांझीलाही पांढरे केले म्हणून माणसाला पांढरे करणे निर्दोष ठरते, हे मी कबूल करणार नाही. आणि कलावंत म्हणून नाव होण्याआधी कून्स वॉल स्ट्रीटवर दलाली करत होता, हेही विसरू नका.

आडवा_प्रश्न
मूळ वाक्य लिहिणाऱ्याने आता आपले छायाचित्र काढून टाकले आहे. शिल्पाची एक प्रत सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. तिकडे कुणी राहत असेल तर समोर उभे राहून बबल्सचा चेहरा पाहून यावा. कुडाळच्या ताई, आत्या आता कुठे असतात?

पावसाळी_कुडाळ
घरीच. आता डाग चेहराभर पसरलेत, त्यामुळे नवीन माणसे तिला गोरीपान समजतात आणि तसे बोलूनही दाखवतात. ती पदर सारखा करते आणि चहा टाकायला उठते.